म्हातारा ससा व त्याची निगा

गोष्टींतला ससा कधीं म्हातारा होत नाहीं. कासवाशीं शर्यत लावणारा ससा, पाठीवर पान पडतांच आभाळ कोसळलें म्हणून धांवत सुटणारा ससा, किंवा उन्मत्त सिंहास विहिरीपाशीं नेऊन त्याचें प्रतिबिंब दाखविणारा ससा, हे सर्व तरुण व चपळ असतात, आणि गोष्ट संपली कीं दृष्टीआड होतात. घरीं पाळलेल्या सशाची गोष्ट मात्र इतक्या लवकर संपत नाहीं. चांगली निगा राखल्यास तो आठ ते बारा वर्षें जगतो, आणि त्यांतील शेवटचीं कित्येक वर्षें हें त्याचें म्हातारपण असतें. या म्हातारपणाविषयीं मुलांच्या वाचनांत फारसें कांहीं येत नाहीं. म्हणून तोच विषय आम्हीं येथें घेतला आहे.

आमचें खापा हें कन्हानकांठचें, विणकरांच्या वस्तीचें गांव. मागाच्या घरांत गाय-म्हैस बांधण्यास जागा नसली तरी ससा पाळण्यास एक कोपरा पुरतो. मुलाच्या हट्टासाठीं वडील नागपूरच्या बाजारांतून पांढऱ्या सशांची जोडी घेऊन येतात. पहिलें वर्ष कौतुकांत जातें. पुढें मुलगा मोठा होतो, अभ्यास वाढतो, आणि तिसरींत असतांना आणलेला ससा तो नववींत जाईपर्यंत सहा वर्षांचा होतो. सशाची लव विसकटते, मागचा भाग मळतो, पिंजऱ्यास वास येऊं लागतो. मग घरांत बोलणें निघतें, "आतां हा फार घाण करतो, नदीकांठीं सोडून द्यावा हें बरें." हे शब्द आम्हीं एकाहून अधिक घरांत ऐकले आहेत. ते दुष्टपणानें बोलले जातात असें नव्हे. म्हाताऱ्या सशाच्या अंगावर मळ कां चढतो हें ठाऊक नसल्यामुळें ते बोलले जातात.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्या शेतांत दिसणारा तपकिरी रानससा व घरचा पांढरा ससा हे एक नव्हेत. रानससा उघड्यावर राहतो, बीळ खणीत नाहीं, व त्याचीं पिल्लें जन्मतांच डोळस व लवदार असतात. घरच्या सशाचे पूर्वज स्पेन व पोर्तुगाल या देशांकडील. ते जमिनींत बिळें करून राहणारे, व त्यांचीं पिल्लें आंधळीं व उघडीं जन्मतात. म्हणून घरचा ससा कन्हानच्या कांठीं सोडणें म्हणजे त्यास मुक्त करणें नव्हे. पांढऱ्या रंगामुळें तो दुरून दिसतो, त्यास पळण्याची संवय नसते, आणि कुत्रीं किंवा कोल्हे त्याचा लवकरच निकाल लावतात. उलटपक्षीं रानससा धरून घरीं आणणें हेंहि योग्य नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यास संरक्षण दिलेलें आहे.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. ससा हा मुळांत अत्यंत स्वच्छ प्राणी आहे. तरुण ससा दिवसांतून अनेक वेळां पुढचे पंजे चाटून तोंड पुसतो, कान पंजांत धरून खालीं ओढतो व विंचरतो, मान वळवून पाठ चाटतो, आणि पोटाखालीं तोंड नेऊन मागचा भाग साफ करतो. या कामास लवचिक कणा, मोकळे सांधे व निरोगी दांत लागतात. पांच-सहा वर्षांनंतर सांधे आंखडूं लागतात. कित्येकांचें पोट सुटतें. कित्येकांचे दांत वेडेवांकडे वाढून जीभ व गाल यांस टोंचतात. मग मान पूर्वीसारखी मागें वळत नाहीं व जीभ पूर्वीसारखी चालत नाहीं. तात्पर्य, म्हातारा ससा मळतो तो आळशी झाला म्हणून नव्हे, तर त्यास कोठें तरी दुखतें म्हणून. आणि ससा दुखणें लपवितो. ज्याची सर्वांनीं शिकार करावी अशा प्राण्यास ओरडून दुःख सांगणें परवडत नाहीं. म्हणून त्याच्या अंगावरील मळ हीच त्याची तक्रार समजावी, आणि पुसण्यापूर्वीं ती वाचावी.

मळ दिसला कीं अंघोळ घालावी असें सहजच आपल्या मनांत येतें, आणि येथेंच मोठी चूक होते. आमच्या ओळखीच्या एका घरीं सात वर्षांचा ससा होता. दिवाळीच्या दिवशीं घरांतील सर्वांची स्नानें झाल्यावर मुलांनीं प्रेमानेंच त्यासहि साबण लावून बादलीच्या पाण्यानें न्हाऊं घातलें. आम्ही त्या वेळीं तेथें बसलेलों होतों व आम्हांसहि त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं. ससा घाबरून जोरानें लाथा झाडूं लागला, मुलांनीं त्यास घट्ट धरिलें, आणि सोडल्यावर पाहतात तों त्याचे मागचे पाय लुळे पडलेले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो निवर्तला. मुलें किती रडलीं तें येथें सांगत नाहीं. पुढें वाचून पाहतां कारण समजलें. सशाच्या मागच्या पायांत बळ फार, परंतु हाडें हलकीं व नाजूक असतात. धरून ठेवलेला ससा जोरानें झटका देतो तेव्हां त्याचा स्वतःचाच कणा मोडूं शकतो. शिवाय दाट लव कातडीपर्यंत भिजली कीं लवकर वाळत नाहीं, आणि थंडी व भीति या दोहोंनीं म्हातारें जनावर खचतें. यास्तव सशास अंघोळ घालूं नये हा पहिला नियम सर्वांनीं ध्यानांत ठेवावा.

मग करावें काय? आयुष्यभर जें काम त्याच्या जिभेनें केलें, तें आतां आपल्या हातांनीं करावें. थोडें थोडें, रोज, व शक्य तों कोरडें. यास दहा मिनिटें पुरतात. ससा शांत असेल अशी वेळ निवडावी. आपण जमिनीवर बसावें, मांडीजवळ जाड कापड अंथरावें व त्यावर त्यास उभा किंवा बसता ठेवावा. उचलतांना एक हात छातीखालीं व दुसरा मागच्या भागाखालीं असावा. कान धरून कधींहि उचलूं नये. कित्येक लोक त्यास उताणा पाडतात व तो निश्चल झाला म्हणजे त्यास बरें वाटतें असें समजतात. ती निश्चलता भयाची असते.

तपासणी नाकापासून आरंभून शेपटीपाशीं संपवावी, म्हणजे कांहीं राहून जात नाहीं. डोळ्याच्या कोपऱ्यांतून सतत पाणी येऊन गालावरील केंस चिकटले असतील तर कोमट पाण्यांत बुडवून पिळलेल्या कापसानें ते पुसावे व लागलीच कोरडे करावे. परंतु पुसून काम संपलें असें मानूं नये. सशाच्या वरच्या दांतांचीं मुळें अश्रूंच्या नळीस लागून असतात. तीं वाढलीं कीं नळी दबते व पाणी बाहेर येतें. म्हणजे डोळा ओला, पण रोग दांताचा, असें पुष्कळदां घडतें. सशास एकंदर अठ्ठावीस दांत असतात व ते सर्व जन्मभर वाढत राहतात. पुढचे दांत तर आठवड्यास सुमारें २ ते ३ मिलिमीटर वाढतात. गवत चावून ते झिजतात, व गवत कमी पडलें कीं वाढतात. हनुवटी लाळेनें ओली दिसली किंवा ससा घास तोंडांत घेऊन टाकूं लागला तर दांत पशुवैद्यास दाखवावे. ते घरीं कापूं नयेत. कापतांना दांत मुळापर्यंत चिरतो.

कान आंतून नुसते पाहावे. थोडा पिंवळसर मेण असणें स्वाभाविक आहे. खपल्यांचे जाड थर दिसले, किंवा ससा वारंवार मान झटकीत असला, तर ते किडींचें लक्षण होय. काडीला कापूस लावून कान कोरणें धोक्याचें आहे. खपल्या ओढून काढणें फार दुःखदायक असतें. औषधानें कीड मेली कीं खपल्या आपोआप गळतात.

लव विंचरण्यास मऊ दांत्यांचा ब्रश किंवा रबरी फणी घ्यावी. एरवीं आठवड्यांतून दोनदां पुरे, परंतु लव झडण्याच्या दिवसांत रोज विंचरावें. हें केवळ शोभेसाठीं नाहीं. ससा चाटतांना गळलेले केंस गिळतो आणि त्यास ओकारी करतां येत नाहीं. आधींच मंद झालेल्या आंतड्यांत ते केंस साचून राहतात. लवेचा गुंता झाला असेल तर तो बोटांनीं हळूहळू सोडवावा. कात्री लावूं नये, कारण सशाची कातडी अतिशय पातळ असते व गुंत्याबरोबर वर ओढली जाऊन कापली जाते. विंचरतांना हातास पाठीचा कणा अधिक टोंचूं लागला तर ससा वाळत चालला आहे असें समजावें.

आतां मागच्या भागाविषयीं. हा भाग पाहण्यास मुलें लाजतात व मोठीं माणसें किळसतात, परंतु म्हाताऱ्या सशाचें जीवित पुष्कळदां याच भागाच्या स्वच्छतेवर अवलंबून असतें. सशाची विष्ठा दोन प्रकारची असते. एक, कोरड्या गोल लेंड्या. त्या आपण झाडून टाकतों. दुसरी, मऊ, चकाकणारी, द्राक्षांच्या बारीक घोंसासारखी. ही दुसरी ससा थेट गुदद्वारापाशीं तोंड नेऊन खातो, कारण आंतड्यांत तयार झालेलीं जीवनसत्त्वें व इतर पोषक द्रव्यें तींत असतात. तो त्याचा आहारच आहे. त्यांत किळस मानण्याचें कारण नाहीं. म्हाताऱ्या सशाची मान तेथवर पोंचत नाहीं, तेव्हां ती विष्ठा तशीच लवेंत चिकटते व वाळते. त्याचप्रमाणें सांधे दुखत असल्यास मूत्र करतांना तो नीट उचलून बसत नाहीं. मूत्र मांड्यांवर ओघळतें, लव गळते व कातडी भाजल्यासारखी लाल होते.

अशा वेळीं अंघोळ न घालतां तेवढाच भाग साफ करावा. वाळलेली घाण मक्याच्या पिठाची चिमूट लावून बोटांनीं मोकळी करून पाहावी. तेवढ्यानें न निघाल्यास पसरट भांड्यांत बोटभर कोमट पाणी घेऊन, पुढचे पाय कोरड्यांत ठेवून, मागचा भागच त्यांत भिजवावा व ओल्या कापसानें पुसावा. साबण लावूं नये. नंतर जुन्या धोतराच्या किंवा लुगड्याच्या मऊ तुकड्यानें टिपून टिपून अगदीं कोरडें करावें. जननेंद्रियाच्या दोन्ही बाजूंस दोन लहान घड्या असतात व त्यांत काळसर मेणासारखा मळ सांचतो. महिन्यांतून एकदां ओल्या कापसानें तो हलकेच काढावा. मूत्राविषयीं एक गोष्ट सांगतों. सशाचें मूत्र गढूळ असतें, व खाण्यांतील पाल्यामुळें तें केव्हां केव्हां तांबूसहि होतें. तेवढ्यानें भिऊं नये. परंतु तें चुन्याच्या निवळीखालच्या गाळासारखें दाट व पांढरें येऊं लागलें, किंवा करतांना ससा कुंथूं लागला, तर दुखणें आहे.

पावसाळ्यांत ही तपासणी दिवसांतून दोनदां करावी. घाण व ओल यांच्या वासानें माशा येतात व लवेंत अंडीं घालतात. एका दिवसाच्या आंत त्यांतून अळ्या निघतात व जिवंत मांसांत शिरूं लागतात. सकाळीं धडधाकट दिसलेला ससा दुसऱ्या दिवशीं मरणाच्या दारीं असतो, तो याच कारणानें. अळ्या दिसल्यास चिमट्यानें काढतां येतील तितक्या काढाव्या व विलंब न लावतां पशुवैद्याकडे न्यावें. गुरांच्या जखमेंत घालतात म्हणून टर्पेन्टाइन किंवा रॉकेल ओतूं नये. सशाची कातडी तें सोसत नाहीं व तो तें चाटतो. पिंजऱ्यास बारीक जाळी लावणें हा सोपा व स्वस्त उपाय आहे.

नखांकडे दर महिना-दीड महिन्यानें पाहावें. पुढच्या प्रत्येक पायास पांच व मागच्या प्रत्येक पायास चार, अशीं एकंदर अठरा नखें असतात. तरुण ससा उड्या मारून व उकरून तीं झिजवितो. म्हाताऱ्याचीं वांकडीं वाढून कापडांत अडकतात. पांढऱ्या नखांत लालसर रेघ दिसते, ती रक्तवाहिनी. तिच्या बरेंच अलीकडे नख कापावें. चुकून रक्त आलेंच तर तुरटीची पूड किंवा मैदा दाबून धरावा. एका दिवसांत सर्व नखें कापलींच पाहिजेत असें नाहीं. आज दोन पाय, उद्यां दोन पाय, असें करावें. सशाच्या तळपायास कुत्र्यामांजराप्रमाणें गादी नसते, नुसती लव असते. तारेच्या जाळीवर किंवा ओल्या फरशीवर सतत बसून ती लव झिजते व टांचेस जखमा होतात. म्हणून तळ नेहमीं मऊ व कोरडा असावा.

अंथरुणास गोणपाटावर कोरडी तणस किंवा मऊ वाळलें गवत पसरावें व ओलें झालेलें रोज काढून टाकावें. आमच्या भागांतील कुसळी गवत मात्र घालूं नये, कारण त्याचीं अणकुचीदार कुसळें लवेंत व डोळ्यांत शिरतात. विणकरांच्या मुलांस विशेष सांगणें आहे कीं, मागाखालीं पडलेले सुताचे तुकडे मऊ असतात म्हणून ते अंथरूं नयेत. धागा पायाच्या बोटास गुंडाळला कीं बोट सुजतें, आणि पोटांत गेला कीं आंतड्यांत अडकतो. पिंजरा कडकडीत पाण्यानें धुवून उन्हांत वाळवावा, व पूर्ण वाळल्यावरच ससा आंत ठेवावा. मूत्राचे पांढरे डाग शिरक्यानें निघतात. फिनेलचा उग्र दर्प सशास बाधतो, तेव्हां तें वापरूं नये. म्हाताऱ्या सशास उंच उंबरा ओलांडवत नाहीं. पिंजऱ्याचें दार जमिनीलगत असलें तर तो घाण करण्यास आपला कोपरा सोडीत नाहीं.

नागपूर प्रांतींचा उन्हाळा माणसांसहि असह्य, मग सशाचें काय! वैशाखांत पारा ४५ अंशांकडे जातो, आणि सशास ३० अंशांच्या पुढेंच त्रास होऊं लागतो. त्यास घाम येत नाहीं. अंगांतील उष्णता मुख्यतः कानांच्या वाटे जाते. त्याचे पूर्वज दुपार थंड बिळांत काढीत. आपण मात्र त्याचा पिंजरा पत्र्याच्या छपराखालीं ठेवतों. दुपारीं त्यास घरांतील सर्वांत गार खोलींत आणावें, बसावयास शहाबादी फरशीचा तुकडा द्यावा, दारास ओलें गोणपाट किंवा वाळ्याची ताटी लावावी. अंगावर पाणी ओतूं नये. ओला हात कानांवरून फिरविला तरी त्यास बराच थंडावा मिळतो. पाण्याचें भांडें पसरट व जड असावें, कारण मान दुखत असल्यास उंच टांगलेल्या नळींतून पाणी पिणें त्यास जड जातें.

खाणें व स्वच्छता यांचा संबंध निकटचा आहे. सशाचें मुख्य अन्न गवत. जेवणाचा मोठा वांटा त्याचाच असावा. सोबत कोथिंबीर, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला थोडथोडा द्यावा. पोळी, भात, बिस्किटें, गूळ, तसेंच आमच्याकडे मुबलक असणाऱ्या संत्र्याच्या फोडी, हीं मुलें लाडानें देतात. त्यांनीं मऊ विष्ठा पातळ होते व मागचा भाग अधिकच मळतो. तेव्हां लाड करावयाचेच तर ते गवताच्या चांगल्या पेंढीनें करावे.

औषधांच्या बाबतींत घरगुती शहाणपण चालवूं नये. कुत्र्याच्या गोचिडांवर वापरतात तें फिप्रोनिल नांवाचें औषध सशास घातक आहे. माणसांस दिलीं जाणारीं पेनिसिलिन जातीचीं औषधें तोंडानें दिल्यास सशाच्या आंतड्यांतील उपयुक्त जंतु मरून तो दगावतो. ससा दहा-बारा तास कांहींच न खाईल किंवा लेंड्या बंद होतील, तर उद्यांची वाट पाहूं नये. नागपुरास १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे व तेथें जनावरांवर उपचार होतात. सांधेदुखीवर आज चांगलीं औषधें आहेत; दुखणें कमी झालें कीं कित्येक म्हातारे ससे पुन्हां आपणच तोंड पुसूं लागतात असें दिसून येतें.

जोडी असेल तर ती मोडूं नये. एक ससा दुसऱ्याचें कपाळ, डोळे व कान चाटतो. ज्या ठिकाणीं स्वतःची जीभ पोंचत नाहीं तेथें सोबत्याची पोंचते. त्यांतील एक मेला तर दुसऱ्याच्या तोंडाकडे आपण अधिक लक्ष दिलें पाहिजे.

विद्यार्थ्यांस आमची एक सूचना आहे. एक जुनी वही घ्या व तींत दर आठवड्यास सशाचें वजन लिहा. किराणा दुकानचा तराजूहि यास चालतो. आज किती खाल्लें, लेंड्या नेहमींइतक्या होत्या काय, कोठें ओल किंवा लाली दिसली काय, हें रोज एका ओळींत टिपा. वैद्यास या वहीचा उपयोग तुमच्या आठवणीहून अधिक होईल, आणि तुम्हांस बारकाईनें पाहण्याचें जें वळण लागेल तें शास्त्राच्या तासासहि उपयोगीं पडेल. हें सर्व झाल्यावर हात साबणानें स्वच्छ धुवा. सशाच्या अंगावरील गजकर्ण माणसासहि होऊं शकतें.

पालकांस विनंति एवढीच कीं, ससा आणावयाचा तर तो दहा वर्षांसाठीं आणतों हें मुलास त्याच दिवशीं सांगावें, आणि तेवढी तयारी नसेल तर आणूंच नये. परंतु आधींच घरीं असलेला ससा म्हातारा झाला असेल तर त्याची व्यवस्था एकट्या मुलावर टाकूं नये; दहा मिनिटें त्याच्याजवळ आपणहि बसावें. ज्या घरांत आजोबांचे पाय चेपले जातात व आजीच्या डोळ्यांत वेळेवर औषध घातलें जातें, त्या घरांत हें काम निराळें शिकवावें लागत नाहीं. आजच सायंकाळीं कोपऱ्यांतला तो पिंजरा उघडावा, सशास कापडावर घ्यावें, आणि नाकापासून आरंभ करावा.